गाढवाच्या पिक्चरचा शेवट

शेवट कापायला मी निव्वळ मजा म्हणून सुरवात केली. मजा करायची माझी खोड जुनी हाय. लगीन माझं, आन मांडवात भटजीच्या पिशवीत कोंबडीचं पिल्लू मीच सोडलं व्हतं.

इस्लामपूरच्या एसटी स्टँडला लागून माझं मोबाईलचं दुकान हाय. फोन दुरुस्त करायचे, काचा बदलायच्या, आन कार्डात पिक्चर भरून द्यायचे. तुमी म्हणशीला, आता कार्डात पिक्चर कोण भरून घेतंय? फौजी घेत्यात. आमच्या भागात घराआड एक पोरगं मिलिट्रीत. वर पोस्टिंगला गेलं की नेट न्हाई, रेंज न्हाई, नुसता बर्फ आन बराक. म्हणून सुट्टी संपवून जाताना पोरं माझ्याकडं येत्यात. "किस्नातदा, भर काय आसंल ते."

पण गाजलेला पिक्चर मी कवाच देत न्हाई. त्यो समद्यांनी बघितल्याला आसतो. मी देतो कुणाला ठाऊक नसलेला. सांगलीत विश्रामबागला आदगोंडा म्हणून माझा दोस्त हाय, हळदीचा व्यापारी. दिवस मावळायच्या आत जेवतो आन मग झोप येस्तवर पिक्चर बघतो. कुठनं कुठनं हुडकून आणतो गडी. एका पिक्चरात दोन बहिरे भाऊ वीटभट्टी चालवत्यात आन सुरवातीपासनं एकमेकांवर वरडत्यात, पण भांडण एक न्हाई. एकात गावाला पयली एसटी येणार म्हणून माणसं फाट्यावर बसत्यात, आन त्या वाट बघण्यातच लग्नं जुळत्यात, म्हातारी मरत्यात. हिरो न्हाई, गाणं न्हाई, मारामारी न्हाई. पोरं तोंड वाकडं करायची. मी म्हणायचो, "आरं मर्दा, अर्धा तास बघ. न्हाई आवडला तर माझ्या टकुऱ्यात चप्पल हान." चप्पल घिऊन कोण आलं न्हाई.

आन मग गंमत. शेवटचा तुकडा मी कापून माझ्याकडं ठेवायचो. ऐन रंगात आला की पिक्चर तुटायचा आन तिथं माझं थोबाड यायचं. फिदीफिदी हसत म्हणायचो, "शेवट पायजे? मग सुट्टीला ये की रं!"

बराकीत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. म्हणून तर ठाऊक नसलेला पिक्चर लागतो. म्हायतीतला आसला तर शेजारच्या खाटंवरचा सरदारजी शेवट सांगून मोकळा हुईल, मग माझ्या खोडीत राम काय ऱ्हायला?

सुट्टीला आलेलं पोरगं एसटीतनं उतरलं की पाठीवरची बॅग न उतरवता आधी दुकानात. "शेवट दाव हरामखोरा, मग घरला जातो." मी त्येला मागच्या खुर्चीवर बसवायचो, च्या पाजायचो आन शेवट लावायचो. पोरगं बघून उठायचं, माझ्या पाठीत एक गुद्दा घालायचं आन घरला जायचं. ह्येच्यापरास मोठं सुख मला ठाऊक न्हाई.

ह्या गमतीचा देव केला बनुबाई मावशीनं.

बनुबाई माझ्याच गावची, आमच्या वाड्याम्होरं तिचं घर. न्हवरा मिलिट्रीतनं पेन्शन घिऊन आला आन लवकरच गेला. एकच पोरगा, शिवतेज, त्योबी फौजेत. एक डाव तिनं हिशेब मांडला. ज्या ज्या पोराचा शेवट किस्नाकडं ऱ्हायलाय, ते पोरगं धडधाकट परत आलंय. आन शेजारच्या गावचं एक पोरगं, त्येनं माझ्याकडनं कधी कार्ड भरून घेतलं नव्हतं, ते पाय घालवून आलं. झालं. पुढच्या यात्रंला बायकांत त्येचीच चर्चा. मग आयाच यायला लागल्या पोरांबरोबर. काऊंटरला टेकून इचारायच्या, "आवं, शेवट काढून ठेवलासा न्हवं?"

मी काय शाणा! हात जोडून म्हणायचो, "काढलाय की. तुमचं लेकरू आल्याबिगर कुणाला दावत न्हाई." आन त्या गेल्या की पोट धरून हसायचो.

शिवतेजच्या मागल्या सुट्टीला मी त्येला गाढवाचा पिक्चर दिला. कानडी हाय. एक म्हातारा कुंभार, त्येचं गाढव हरवतं. बास, येवढंच. म्हातारा गावोगाव हिंडतो. लोक हसत्यात, कोण म्हणतं दुसरं घे, कोण खोटंच सांगतं तिकडं गेलं म्हणून. शेवटी एका नदीवर येतो तर पल्याडच्या काठाला गाढव चरतंय. म्हातारा त्येच्या नावानं हाक मारतो. गाढवाचा एक कान हालतो.

तिथं मी कापला.

बनुबाई त्या दिवशी दुकानातच व्हती, शिवतेजची बायको संयोगिताबी. तिघांनी मागच्या पडद्यावर तिथवर बघितला. कान हालला आन माझं थोबाड आलं तशी बनुबाई म्हणाली, "आग्गं बया! गाढव वळतंय का रं किस्ना?"

"ते शिवतेज आल्यावर."

"बेस. मलाबी नगं सांगूस. त्यो आल्यावर दोगं मिळून बघतो."

शिवतेज मला डोळा मारून म्हणाला, "किस्नातदा, ह्यो शेवट मी तुझ्याकडनं काढणार बघ. तुझ्यावानी चोरटं डोकं हाय आमच्याकडंबी." मी म्हटलं, "लय बघितली तुझ्यासारखी." आन मी च्या सांगायला टपरीवर गेलो. बनुबाई देवाला उदबत्ती आणायला गेली. दुकानात नवरा-बायको. मी परत आलो तवा संयोगिता फोन पर्समधी घालत व्हती. माझ्यासारख्या चोराला तवा चोरी दिसली न्हाई.

त्यानंतर वर कुठंतरी रस्ता खचला आन गाडी दरीत गेली. गाडीत शिवतेज व्हता.

पुण्यावरनं आणला त्येला. शिरवळपासनं हायवेला माणसं झेंडं घिऊन हुबी व्हती. गावात चौकाचौकात फ्लेक्स, शाळंची पोरं रांगंत. मी सगळीकडं पुढं पुढं करत व्हतो, खुर्च्या लाव, माईक लाव. थांबलो आसतो तर पडलो आसतो. पेटी उघडली न्हाई. मिलिट्रीच्या सायबानं हळू सांगितलं, उघडू नका. बनुबाईनं पेटीवर हात ठेवला, सगळीकडनं फिरवला, लाकूड कसं हाय ते बघितल्यावानी. रडली न्हाई. माझ्याकडं बघून म्हणाली, "किस्ना, शेवट तुझ्याकडंच हाय न्हवं?"

शेकड्यानं माणूस हुबं, वर बंदुका. मी म्हटलं, "हाय मावशी."

"कुणाला दिला न्हाईस?"

"न्हाई."

"मग ह्येच्यात कोण हाय?"

तेरावा झाला, माणसं पांगली, पण ती तिथंच अडकली. घरी गेलो की मला जवळ बसवून सांगायची, अगदी शांत, भाजीचा भाव सांगावा तसं. "दोनातलं एकच खरं, किस्ना. एक तर त्येला कुणीतरी शेवट दावला, आन त्यो गेला. न्हाईतर शेवट तुझ्याकडं हाय, आन पेटीत दुसऱ्याच कुणाचं तरी लेकरू हाय. कुणी दावला आसंल तर मला त्येचं नाव पायजे. त्येला मी ह्या घराचं पाणी दिणार न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, आवं ती खोडी व्हती. मी येडा माणूस, हसायला करत व्हतो. शेवटाचा आन मरणाचा काय संबंध?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच आत्ता खोडी करतोय.

दुसऱ्या दिवशी संयोगिता दुकानात आली. टिकली नसलेलं कपाळ, ओढणी हनवटीपर्यंत. म्हणाली, "किस्नातदा, शटर ओढा." मी अर्धं ओढलं.

"त्यो शेवट मी घेतला व्हता. तुमी च्या आणाय गेलासा तवा. तुमच्या कॉम्पुटरवर समोरच व्हता, गाढव म्हणून लिहिल्याला."

मी कॉम्पुटरकडं बघितलं.

"त्यांनीच डोळ्यानं खुणावलं. मग म्हणाले, आत्ता देऊ नको, मला तिथं पाठव, पोरांना जळवतो. त्यांना रेंज आली तवा पाठवला. बघितला का न्हाई ठाऊक न्हाई. फोनच आला न्हाई त्यानंतर." मग हळू म्हणाली, "किस्नातदा, मी मारलं का त्यांना?"

"येडी का खुळी गं तू! रस्ता खचला. पावसानं खचला."

"मला कळतंय. मी बीएससी हाय." आन मग रडायला लागली. "पर राती वाटतं."

मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "आत्यांना कळलं तर मला घरात ठेवायच्या न्हाईत. आन म्हायेरी भाऊ-भावजय. त्यांचा फोन सामानाच्या ट्रंकंतनं आलाय, आत्या उशाखाली घिऊन झोपत्यात. त्यात समदं हाय. बंद पडलाय म्हणून बरं."

फोन बराकीतच ऱ्हायला व्हता, डूटीवर नेत न्हाईत. मी म्हटलं, "माझ्याकडंच आणतील त्या. दुसरं दुकान त्यांना ठाऊक न्हाई. मी बघतो." माझी छाती फुगली बघा. मनात म्हटलं, आयुष्यभर लोकांना फशिवलं, आता एक डाव चांगल्यासाठी फशिवतो. काय अवघड हाय?

बनुबाई आली ती एकटीच. फोन रुमालात बांधलेला, रुमालाला हळद-कुकू लावल्यालं. "चालू कर. त्येचे फोटू बघायचेत. संयोगिता म्हणती कशाला, जीव जाळायला. मी म्हटलं माझा जीव हाय, जाळीन."

पिन लावली. ती समोर बसली, हालंना. फोन चालू झाला. कुलूप तिनंच बोटानं काढलं, पोरगं जेवताना काढायचं ते बघून बघून पाठ झालं व्हतं तिला. मी म्हटलं, "मावशी, जरा इकडं द्या, आधी साफ करतो, न्हाईतर गरम हुईल." फोन माझ्याकडं वळवून घेतला. संयोगिताचं नाव उघडलं. तिथं व्हता त्यो तुकडा, गाढवाचा. खाली त्येनं लिवून ठेवलेलं, न गेलेलं हसणं. मी पुसून टाकलं समदं. जिंकलो म्हटलं.

पर त्यो फोन माझ्या दुकानच्या वायफायला ओळखत व्हता. वरसानुवरसं शिवतेज इथंच बसून चालवायचा. त्येनं आपोआप नेट धरलं.

आन माझा फोन वाजला. टिंग.

काऊंटरवर उताणा पडला व्हता माझा फोन, आमच्या दोघांच्या मधी. त्येच्यावर शिवतेजचा फोटू. वर्दीतला, दात काढून हसतोय. खाली माईकची खूण. वर कुठंतरी रेंज नसताना बोलून ठेवल्यालं, जायचं ऱ्हायलेलं, ते आत्ता गेलं.

बनुबाईला वाचता येत न्हाई. फोटू वळखता येतो.

"शिवतेज हाय," ती म्हणाली. "किस्ना, त्यो बोलतोय. लाव."

जलमात पयल्यांदा मला सोंग सुचलं न्हाई. मग कसंतरी म्हटलं, "मावशी, आवाज उतरंना झालाय. लय मोठा हाय. उद्या सकाळी घरी घिऊन येतो. शपथ."

"कुणाची?"

"माझी."

"तुझ्या शपथंला कोण इचारतंय? शिवतेजची घे."

घेतली.

ती गेल्यावर शटर ओढून ऐकला. शिवतेजचा आवाज, मागं पोरांचा दंगा.

"किस्नातदा, आयला तुझ्या! गाढव वळूनच बघत न्हाई की रं! म्हातारा येवढा मरमर हिंडला, आन ते कान हालवून सरळ चालाय लागतंय? असला शेवट आसतोय व्हय? संयोगितानं पाठवला, तुझ्या नाकाखालनं चोरलाय, हा हा! तिला काय बोलू नगंस. आन आईला तर आजिबात सांगू नगंस, घरात म्हाभारत हुईल. हितं पोरं म्हणत्यात ह्यो शेवट खोटा हाय. मी सांगितलंय त्यास्नी, खरा शेवट किस्नातदाकडं हाय, मी जाऊन बघून येतो. सुट्टी मंजूर झालीया. आईला म्हणावं खर्डा करून ठेव, हितलं जेवण म्हंजी नुसतं पाणी. येतोय मी. येतोय रं."

किती डाव ऐकला ते सांगत न्हाई.

माझ्या हातात तिच्या पोराचा आवाज व्हता. तिला त्यो ऐकवायचा झाला तर संयोगिता घराभाईर. न ऐकवायचा तर मी माणसात जमा न्हाई. मग मी मला येतं तेच केलं. कापायला बसलो.

संयोगिताचं नाव काढलं. गाढव वळलं न्हाई, ते काढलं. शेवट बघितल्याचं समदं काढलं. मग शेवटच्या बोलण्यावर आलो. 'येतोय मी.' ते ठेवलं तर म्हातारी पेटीत दुसरा कोण हाय म्हणत उंबऱ्यावर बसंल जलमभर. तेबी काढलं. गड्या, मी इतके शेवट कापले, पर कापताना रडलो ते त्याच येळी. आपलं कापणं इतकं वंगाळ दिसतंय हे तवाच कळलं. उरलं येवढंच. "किस्नातदा, आयला तुझ्या! ... सुट्टी मंजूर झालीया. आईला म्हणावं खर्डा करून ठेव, हितलं जेवण म्हंजी नुसतं पाणी."

सकाळी गेलो. बनुबाई सोप्यात बसली व्हती, नवं लुगडं नेसून, पावणा येणार आसल्यावानी. संयोगिता आतल्या दाराला हुबी. तिला मी नजरंनं सांगितलं, भिऊ नगंस.

लावला.

आवाज आला तशी बनुबाईनं डोळं मिटलं. पोरानं मला शिवी हासडली तवा हसली. खऱ्या पोटातनं हसली. खर्डा म्हटल्यावर तिचा हात आपोआप कमरंच्या चाब्यांकडं गेला, मिरच्या कोठीत असत्यात म्हणून. आन मग आवाज तुटला.

"फुडं?"

"येवढाच हाय, मावशी."

"पुन्यांदा लाव."

लावला. तुटला.

तिनं डोळं उघडलं आन माझ्याकडं बघितलं. मी त्या नजरंला वळखत व्हतो. दुकानात शेवट मागायला आलेलं पोरगं असंच बघतं, रागानं आन आनंदानं. "लबाडा," ती म्हणाली. "तू कापलास."

"मावशी, न्हाई वो."

"माझं पोरगं असं अर्ध्यात बोलून थांबत न्हाई. निरोप दिला की 'येतो' म्हणतंय, ल्हानपणापासनं. शाळंला जातानाबी दारातनं वरडायचं. ते कुठं गेलं? तू कापलास." तिनं माझं मनगट धरलं. हात गरम व्हता. "मंजी शेवट तुझ्याकडं हाय. मंजी त्यो येतोय."

मी दाराकडं बघितलं. संयोगितानं पदराचा बोळा तोंडात धरला व्हता. तिला वाचवायला मी कापलं व्हतं, आन आता खरं सांगायचं तर तिचं नाव घिऊनच सांगावं लागणार. "मावशी," मी म्हटलं, "शिवतेज गेला. आपुन अग्नी दिला त्येला."

"पेटीला दिला," ती म्हणाली आन उठली. "संयोगिता, कोठीतल्या मिरच्या काढ. आन टिकली लाव कपाळाला. त्यो आल्यावर असली दिसणार हायस व्हय?"

संयोगिता हालली न्हाई. सासू तिच्याजवळ गेली, स्वतःच्या हातानं तिचा पदर सारखा केला, आन देवळीतल्या करंड्यातनं टिकली काढून तिच्या कपाळाला लावली. संयोगिता माझ्याकडं बघत व्हती. त्या डोळ्यांत काय व्हतं ते मला अजून सांगता येत न्हाई. घर तिचं वाचलं व्हतं. त्या घरात आता रोज तिला न्हवऱ्याची वाट बघायची व्हती.

आता कार्ड भरताना मी काय कापत न्हाई. पोरास्नी आख्खा पिक्चर देतो. पर आया ऐकत न्हाईत. काऊंटरवर हात आपटत्यात, "शेवट काढून ठेवा म्हणतो न्हवं!" मग कापतो. माझं थोबाड तेवढं घालत न्हाई. नुसता काळा पडदा येतो.

बनुबाई दर बाजारच्या दिवशी येते. हातात डबा, खर्ड्याचा. मागल्या बाजारचा डबा मोकळा करून घेते, नवा ठेवते. "शिळा खर्डा देऊ नगंस त्येला," म्हणते. मागच्या खुर्चीवर बसते, आन गाढवाचा पिक्चर कान हालंस्तवर बघते. काळा पडदा आला की गुडघ्यावर हात टेकून उठते.

"किस्ना, शेवट हाय न्हवं रं जपून?"

"हाय, मावशी."

"कुणाला दावू नगंस हां."

"न्हाई दावत."